साधी आणि जलद टपालसेवा (व्यवसायातील निवड)

माल, कागदपत्रे किंवा छापील साहित्य ग्राहकाकडे पाठवताना कमी दराची सावकाश सेवा घ्यायची की जास्त दराची वेगवान, हा व्यावसायिकाचा नित्याचा निर्णय. भारतीय टपाल खात्यात ही निवड मुख्यतः स्पीड पोस्ट आणि रस्त्याने-रेल्वेने जाणाऱ्या पार्सल व (पुस्तकांसाठीच्या) ज्ञान पोस्टसारख्या सेवा यांच्यात करावी लागते. खासगी कुरिअरवाल्यांकडे हीच विभागणी 'एअर' आणि 'सरफेस' या नावांनी चालते. वरवर पाहता प्रश्न पैशांचा वाटतो. पण दर तर छापलेलेच असतात. खरा विचार करावा लागतो तो अंतराचा, माल किती दिवस तग धरतो याचा आणि गिऱ्हाइकाला कोणती तारीख कबूल केली आहे याचा.

पूर्वपीठिका

१ ऑक्टोबर १८५४ पासून भारतभर अंतर न पाहता वजनावर एकसारखा टपालदर लागू झाला आणि दूरच्या गावाला माल विकणे परवडू लागले. १८७७ मध्ये व्ही. पी. म्हणजे मूल्यदेय टपाल आले. पार्सल हातात देताना पोस्टमनने पैसे घ्यायचे आणि ते विक्रेत्याकडे पाठवायचे, ही सोय पुस्तकविक्रेते आणि औषधवाले यांच्या पथ्यावर पडली. आजच्या 'कॅश ऑन डिलिव्हरी'चे ते मूळ रूप म्हणता येईल. वर्गीकरण सुकर व्हावे म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड सुरू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी आणि संस्कृत कवी होते. त्यांच्या रचनेत महाराष्ट्र आणि गोवा ४ या अंकाखाली येतात.

वेगाचे वेगळे पैसे मोजायची सोय १ ऑगस्ट १९८६ रोजी स्पीड पोस्टने झाली. त्यानंतर जवळपास चार दशके व्यावसायिकापुढे तीन पर्याय होते: साधे टपाल, पावती-पोच मिळणारे पण सावकाश रजिस्टर आणि वेगवान स्पीड पोस्ट. १ सप्टेंबर २०२५ पासून देशांतर्गत रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आणि मधला पर्याय गेला. आता 'रजिस्ट्रेशन' ही स्पीड पोस्टवर जोडून घ्यायची सुविधा आहे. ५ रुपये आणि त्यावरचा जीएसटी भरला की टपाल पत्त्यावरच्या व्यक्तीच्याच किंवा तिने अधिकार दिलेल्याच्याच हाती पडते. तेवढ्याच पैशात ओटीपी घेऊन बटवडा करण्याची सोयही मिळते. ज्यांना घाई कधीच नव्हती, फक्त पावती आणि पोच हवी होती, अशा पतसंस्था, सोसायट्या आणि वकिलांची कार्यालये यांना या बदलानंतर वेगाचेही पैसे मोजावे लागतात.

वेग नेमका कुठे मिळतो

पार्सलच्या प्रवासाचे ढोबळमानाने पाच टप्पे पडतात: दुकानातून काउंटरपर्यंत, काउंटरवरून वर्गीकरण केंद्रापर्यंत, एका केंद्राकडून दुसऱ्याकडे, तिथून बटवड्याच्या कार्यालयात आणि शेवटी दारापर्यंत. जास्तीचे पैसे प्रामुख्याने मधल्या टप्प्यासाठी जातात. स्पीड पोस्टची वर्गीकरण केंद्रे वेगळी, तिच्या थैल्यांना विमानात आणि गाड्यांत प्राधान्य. दोन्ही टोकांना मात्र फारसा फरक पडत नाही. खेड्यातल्या शाखा डाकघरात थैली सहसा दिवसातून एकदाच येते. तिच्यात स्पीड पोस्टचा लिफाफा असो की साधे पार्सल, ती उघडणारा ग्रामीण डाक सेवक एकच आणि त्याची फेरीही एकच.

पहिल्या टप्प्यात तर विक्रेत्याचाच हात असतो. प्रत्येक काउंटरची त्या दिवशीची थैली बंद होण्याची वेळ ठरलेली असते. ती टळली की स्पीड पोस्टचे पार्सलही रात्रभर तिथेच पडून राहते. मोठ्या स्थानकांवरच्या आरएमएस म्हणजे रेल्वे टपालसेवेच्या काउंटरवर संध्याकाळी उशिरापर्यंत नोंदणी होते, म्हणून रोज पार्सले पाठवणारे लोक तिथे रांग लावतात. ऑर्डर सोमवारी आली, खोका गुरुवारी बांधला आणि मग 'उशीर झालाय, स्पीडने टाका' म्हटले, तर ते जादा पैसे टपालाच्या वेगापेक्षा स्वतःच्या दिरंगाईवर खर्च होतात. छोट्या व्यवसायांच्या जलद टपालाच्या बिलात हा भाग बऱ्यापैकी असतो, पण हिशेबात तो कधी वेगळा दिसत नाही.

अंतर आणि दर

१ ऑक्टोबर २०२५ पासून कागदपत्रांच्या स्पीड पोस्टचे नवे दर लागू झाले. ५० ग्रॅमपर्यंतच्या लिफाफ्याला त्याच शहरात १९ रुपये आणि बाहेरगावी, अंतर कितीही असो, ४७ रुपये. ५१ ते २५० ग्रॅमला स्थानिक दर २४ रुपये. २०० किलोमीटरपर्यंत ५९, ५०० पर्यंत ६३, १,००० पर्यंत ६८, २,००० पर्यंत ७२ आणि त्यापुढे ७७. या सगळ्यांवर जीएसटी वेगळा.

या आकड्यांत एक गंमत आहे. दोनशे ग्रॅमचा करारनामा मुंबईहून पुण्याला पाठवला तर ५९ रुपये आणि दिब्रुगडला पाठवला तर ७७. फरक अवघा १८ रुपयांचा. वाचणारा वेळ मात्र दोन्हीकडे सारखा नाही. मुंबई-पुणे रस्ता काही तासांचा, तिथे विमानाचा प्रश्नच नाही, त्यामुळे साधे पार्सलही फार मागे राहत नाही. आसामकडे रस्त्याने किंवा रेल्वेने जाणाऱ्या मालाला कितीतरी जास्त दिवस लागतात. म्हणजे जलद सेवेचा दर अंतराबरोबर हळू चढतो, तर तिचा फायदा झपाट्याने वाढतो. राज्याबाहेर, विशेषतः ईशान्येकडे आणि जम्मू-काश्मीरकडे जाणारा माल जलद सेवेने आणि राज्यातल्या राज्यातला साध्या सेवेने पाठवावा, हा ढोबळ नियम त्यामुळे बहुतेक व्यवसायांना लागू पडतो. प्रत्यक्षात अनेक दुकानदार उलट करतात. जवळच्या, ओळखीच्या गिऱ्हाइकाला खूश ठेवायला स्पीड पोस्ट आणि लांबच्या अनोळखी ऑर्डरला 'जाईल हळूहळू'.

वजन आणि आकारमान

वजनाचे टप्पे दोन्ही सेवांत असतात आणि टप्पा ओलांडण्याची शिक्षाही दोन्हीकडे होते. विमानाने जाणाऱ्या मालात मात्र जागेलाही किंमत असते. म्हणून कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकाराला सर्वसाधारणपणे ५,००० ने भागतात आणि येणारा आकडा किलो समजून प्रत्यक्ष वजनाशी ताडून पाहतात. जो जास्त, त्यावर आकारणी. ४० × ३० × २५ सेंटिमीटरच्या खोक्याचे आकारमानी वजन ६ किलो भरते. आत दीड किलोचा आकाशकंदील असला तरी पैसे सहा किलोचेच. कंदील घडी करून चपट्या खोक्यात बसवता आला, तर वाचणारी रक्कम कधीकधी साध्या आणि जलद सेवेतल्या फरकापेक्षा मोठी असते. सेवा निवडण्याआधी खोका निवडावा, हे इथे शब्दशः खरे आहे.

मालानुसार निवड

पुस्तके हा साध्या सेवेचा हक्काचा माल. ती नासत नाहीत, वाचक आठवडाभर थांबतो आणि पुस्तकाची किंमत टपालाच्या मानाने तुटपुंजी असते. १ मे २०२५ पासून सुरू झालेली ज्ञान पोस्ट ही सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तके रस्त्याने-रेल्वेने नेते. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत कमाल १०० रुपये, कर वेगळे. शिवाय ट्रॅकिंगही मिळते. इथे काट्यावरचे ग्रॅम महत्त्वाचे ठरतात. २८५ ग्रॅमचा कवितासंग्रह पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत आणि जाड पाकिटात घातला की ३०० च्या वर जातो आणि पुढच्या टप्प्यात पडतो. मुरलेले प्रकाशक छपाईच्या वेळीच कागदाचे वजन या हिशेबाने ठरवतात. ज्ञान पोस्टमध्ये नियतकालिके आणि जाहिराती असलेली प्रकाशने बसत नाहीत, त्यामुळे दिवाळी अंकांना तिचा उपयोग नाही. वर्गणीदारांना अंक नरकचतुर्दशीच्या आत मिळायला हवा, छपाई नेहमीप्रमाणे लांबते आणि शेवटचे गठ्ठे महाग सेवेने सोडावे लागतात.

तारखेशी बांधलेल्या मालात सेवा हंगामाच्या मध्यावर बदलावी लागते. राखी, पंचांग, नव्या वर्षाची दिनदर्शिका, गणपतीच्या सजावटीचे सामान यांची किंमत सणाच्या दुसऱ्या दिवशी जवळजवळ शून्य होते. राखीपौर्णिमेच्या दोन-तीन आठवडे आधीपर्यंतच्या ऑर्डरी साध्या सेवेने, त्यानंतरच्या जलद आणि शेवटच्या दोन दिवसांत परगावची ऑर्डरच घ्यायची नाही, अशी शिस्त पाळणारा विक्रेता परताव्याच्या कटकटीतून सुटतो. तिसरा भाग पाळणे सर्वांत अवघड, कारण समोर दिसणारी ऑर्डर सोडवत नाही.

हापूसचे गणित वेगळे आहे. बागायतदार आंबा तयार पण कच्चा उतरवतात आणि तो पेंढ्यात पिकत जातो. म्हणजे प्रवासातले दिवस फुकट जात नाहीत, फळ वाटेत पिकतच असते. चार दिवसांचा प्रवास नक्की ठाऊक असेल, तर तितका कच्चा आंबा पेटीत भरून स्वस्त सेवेने पाठवता येतो. पण चारचे सात झाले की उन्हाळ्यात बंद गाडीतली पेटी उघडताना वास आधी येतो. अशा मालाला वेगापेक्षा खात्री हवी. सावकाश पण वेळ पाळणारी सेवा इथे वेगवान पण लहरी सेवेपेक्षा बरी. म्हणूनच देवगड-रत्नागिरीचे विक्रेते टपालाबरोबर एसटी, खासगी बस आणि रेल्वे असे सगळे मार्ग हाताशी ठेवतात.

काही माल जलद सेवेला चालतच नाही. अल्कोहोल असलेली अत्तरे व परफ्यूम ज्वालाग्राही म्हणून, तर पॉवर बँकसारख्या लिथियम बॅटरीच्या वस्तू आगीच्या धोक्यामुळे हवाई वाहतुकीच्या निर्बंधांत येतात. त्या जलद सेवेत टाकल्या तर तपासणीत अडकून साध्या पार्सलपेक्षाही उशिरा पोहोचतात, नाहीतर परत येतात.

कायदेशीर टपालात मुदतीला महत्त्व असते. धनादेश न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत रकमेची मागणी करणारी नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे भरायला १५ दिवस असतात. अशी नोटीस रजिस्ट्रेशन आणि पोचपावतीसह पाठवावी, पावती व ट्रॅकिंगची छापील प्रत त्याच दिवशी फाइलला लावावी. काटकसर इथे कामाची नाही.

भरपाई आणि विमा

जास्त पैसे दिले म्हणजे माल सुरक्षित, ही समजूत सर्रास आढळते. स्पीड पोस्टचे टपाल ठरलेल्या मुदतीपेक्षा उशिरा पोहोचले तर टपालखर्चाइतकी भरपाई मिळते. ते हरवले किंवा त्याचे नुकसान झाले तर टपालखर्चाच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम. येवल्याहून १५,००० रुपयांची पैठणी १०० रुपये भरून पाठवली आणि ती गहाळ झाली, तर हाती २०० रुपये पडतील. म्हणून मौल्यवान मालाचा वेगळा विमा उतरवावा लागतो. स्पीड पोस्टमध्ये तो १ लाख रुपयांपर्यंत उतरवता येतो.

नोंदणीकृत टपालाला १३ चिन्हांचा क्रमांक असतो: दोन रोमन अक्षरे, नऊ अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरे. पहिल्या अक्षरावरून सेवेचा प्रकार कळतो, नवव्या अंकावरून आधीचे आठ बरोबर आहेत का हे संगणक ताडतो. हा क्रमांक पार्सल सोडल्याबरोबर गिऱ्हाइकाला पाठवला, तर 'कुठवर आलं?' असे फोन बरेच कमी होतात आणि साधी सेवाही सुसह्य वाटते.

उधारी, सूट आणि परतीचा माल

नियमित पाठवणाऱ्यांना टपाल खाते करार करून देते. नोंदणी आता आणि बिल महिन्याने, उलाढालीनुसार सूट, ठरावीक प्रमाणावर माल असेल तर जागेवरून उचल. करारातली सूट धरली की दोन सेवांतला छापील दरातला फरक बराच आक्रसतो, त्यामुळे तुलना नेहमी स्वतःच्या करारातल्या दरांची करावी.

रोख-बटवड्याच्या म्हणजे 'कॅश ऑन डिलिव्हरी'च्या मालात वेगाला आणखी एक बाजू आहे. पैसे पार्सल पोहोचल्यावरच मिळतात, म्हणून प्रत्येक जादा दिवस विक्रेत्याचे भांडवल अडकवून ठेवतो. शिवाय दिवस गेले की घेणाऱ्याचा उत्साह ओसरतो, 'नको आता' म्हणून पार्सल परत येते आणि दोन्ही बाजूंचा खर्च अंगावर पडतो. आगाऊ पैसे मिळालेला माल साध्या सेवेने आणि रोख-बटवड्याचा जलद सेवेने, ही विभागणी त्यामुळे हिशेबाला धरून आहे.

परदेशी टपाल

देशाबाहेर हीच निवड ईएमएस (आंतरराष्ट्रीय जलद टपाल) स्पीड पोस्ट, हवाई पार्सल आणि लहान वस्तूंसाठीचे ट्रॅक्ड पॅकेट यांच्यात होते. छोट्या निर्यातदारांसाठी २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रे सुरू झाली; सीमाशुल्काची कागदपत्रे तिथेच पुरी करता येतात. पार्सल एकदा परदेशी सीमाशुल्काच्या ताब्यात गेले की महागड्या सेवेचा जोर ओसरतो. मोघम लिहिलेले वर्णन किंवा चुकीची किंमत कोणत्याही सेवेला दिवसेंदिवस अडकवते. 'खाद्यपदार्थ' असे लिहिण्यापेक्षा 'भाजणीची चकली, १ किलो' असे लिहिणे केव्हाही बरे.

अमेरिकेला फराळ पाठवणाऱ्यांना २०२५ मध्ये वेगळाच अनुभव आला. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालावरची शुल्कमाफी २९ ऑगस्टपासून काढली. त्याआधीच, २५ ऑगस्टपासून, भारतीय टपाल खात्याने तिकडची नोंदणी थांबवली आणि ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केली, दिवाळी आठवड्यावर आली असताना. मधल्या काळात टपालातली साधी आणि जलद, दोन्ही सेवा पार्सलांसाठी बंद होत्या. ज्यांनी घरगुती फराळाच्या ऑर्डरी आधीच घेतल्या होत्या, त्यांना खासगी कुरिअरचे दर मोजावे लागले किंवा पैसे परत करावे लागले. नोंदणी सुरू झाल्यापासून अमेरिकेच्या पार्सलावरचे शुल्क पाठवतानाच भरून घेतले जाते, म्हणून विक्रीची किंमत ठरवताना टपालखर्चाच्या शेजारी तोही रकाना धरावा लागतो.