शिकाऊ उमेदवार घ्यायचेत? आधी डोकी नीट मोजा

निकाल लागले की एमआयडीसीच्या गेटांवर पोरं बायोडाटा घेऊन उभी राहतात. मालकालाही दोन हात हवेच असतात. मग "उद्यापासून ये, कागदाचं नंतर बघू" होतं, आणि पुढचा सगळा घोळ त्या एका वाक्यातून निघतो. लहान कारखान्यांचे शिकाऊ उमेदवारीचे अर्ज भरताना अर्ज कुठे अडतात ते आता पाठ झालंय, म्हणून हे लिहितोय.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा. पहिली ओजेटी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कामावरचं प्रशिक्षण. पदवीच्या मुलाला कॉलेज त्यासाठी पाठवतं, चार क्रेडिटसाठी १२० तास. त्यात तुमचा संबंध कॉलेजशी: त्यांचं पत्र, हजेरी आणि शेवटी मूल्यांकनाचा कागद. दुसरी नॅट्स, म्हणजे केंद्राची राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजना, पदवी-डिप्लोमावाल्यांसाठी. पश्चिम विभागासाठी तिचं कार्यालय मुंबईत सायनला आहे. तिसरी नॅप्स, म्हणजे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना. यात आयटीआयची मुलं येतात आणि कमी शिकलेल्यांनाही जागा आहे. नॅट्स आणि नॅप्स दोन्ही १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली येतात. कॉलेजचं पत्र हातात आहे म्हणून मुलाला वर्षभर लेथवर उभं करता येत नाही. हे मला दरवर्षी कुणाला तरी सांगावं लागतं.

कोण घेऊ शकतं? चार ते एकोणतीस माणसं असतील तर तुमची मर्जी. तीस किंवा जास्त असतील तर सक्ती. घ्यायचे किती, तर एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के.

पहिला अर्ज इथेच आपटतो. "एकूण माणसं" म्हणजे नुसती तुमच्या मस्टरवरची, म्हणजे हजेरीपटावरची, नव्हेत, ठेकेदाराची माणसंसुद्धा त्यात येतात. एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये मालक ठामपणे म्हणत होते, "आपले बावीसच." पाठीमागे वेल्डिंगच्या ठिणग्यांत ठेकेदाराची चौदा माणसं काम करत होती. झाले छत्तीस, म्हणजे सक्ती. कमी जागा भरल्या तर दर रिकाम्या जागेमागे महिन्याला ५०० रुपये दंड, आणि तीन महिन्यांनंतर १,०००. रक्कम मोठी नाही, पण नोटीस आली की झोप उडते. योजनेच्या सरकारी पोर्टलवर आकडा टाकताना पगारपत्रक आणि ठेकेदाराचं बिल शेजारी ठेवून बसा.

आस्थापनेच्या नोंदणीला पॅन, जीएसटी किंवा उद्यमचा दाखला आणि बँकेचा तपशील लागतो. हे अर्ध्या तासाचं काम आहे, साइट चालू असेल तर. त्यानंतर ट्रेड, म्हणजे शिकवायचं काम, निवडायचा. 'हेल्पर' असा ट्रेड नसतो. फिटर, वेल्डर, टर्नर असे ठरलेले ट्रेड घ्या, नाहीतर स्वतःचा ऐच्छिक ट्रेड बनवा. त्यासाठी काय शिकवणार, किती महिने, हे लिहून द्यावं लागतं. "कामावर शिकेल" एवढ्यावर भागत नाही.

आता मुदत. मुलाशी शिकाऊ उमेदवारीचा करार झाल्यावर त्याचा तपशील सात दिवसांत पोर्टलवर चढवायची जबाबदारी मालकाची. लोक तीस दिवस धरून बसतात. ते तीस दिवस शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी अधिकाऱ्याला आहेत, करार नोंदवायला. एखादी त्रुटी काढायची असेल तर ती त्याने पंधरा दिवसांत कळवायची असते. अधिकाऱ्याची मुदत टळली तर कोण विचारतं, हा प्रश्न मला विचारू नका. तुमची टळली तर मात्र विचारतात. उमेदवार अठराच्या आतला असेल तर करारावर पालकाची सही लागते, आणि धोक्याच्या कामावर अठराच्या आतलं कुणीही चालत नाही.

मुलांच्या कागदांत सगळ्यात चिवट गोष्ट म्हणजे नाव. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी. एकावर वडिलांचं नाव 'सुरेश', दुसऱ्यावर 'सुरेशराव'. हे आधी जुळवून घ्या. करार अडकल्यावर आधार केंद्राच्या रांगेत उभं राहण्यात पोराचे दोन-तीन दिवस जातात, आणि तेवढी हजेरी बुडते.

दुसरी गोष्ट बँकेची. "खातं आधारला लिंक आहे" असं प्रत्येक जण छातीठोक सांगतो. पासबुकात केवायसी झालेली असते, पण एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे, आधार जोडलेलं असतं भलत्याच खात्याला, बऱ्याचदा शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या आणि आता बंद पडलेल्या. विद्यावेतनातला सरकारी वाटा आधारवरून जातो, तो तिथेच जातो. बँकेत जाऊन "डीबीटीसाठी सीडिंग करा" असे शब्द वापरा, म्हणजे सरकारी पैसे थेट याच खात्यात यावेत म्हणून आधार जोडा. नुसतं "लिंक करा" म्हटलं तर काउंटरवरचा माणूस मान डोलावतो आणि काहीच करत नाही.

पैशाचं गणित असं: २०१९च्या नियमांत पदवीधराला किमान ९,००० आणि डिप्लोमाला ८,००० रुपये विद्यावेतन आहे. करार करताना मात्र पोर्टलवर दिसेल तोच आकडा धरा. नॅप्समध्ये केंद्र विद्यावेतनाचे पंचवीस टक्के देतं, तेही दरमहा १,५०० रुपयांपर्यंतच. नॅट्समध्ये किमान रकमेच्या निम्मं. दोन्ही ठिकाणी हा वाटा मुलाच्या खात्यात जातो, तुमच्या नाही. तुमचा वाटा पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत द्यायचा, आणि बँकेतूनच. रोख दिलेल्याचा पुरावा कुणी मानत नाही. दरमहा हजेरी आणि भरणा पोर्टलवर चढवला नाही तर केंद्राचा वाटाही थांबतो, आणि मुलगा तुमच्याकडेच येऊन उभा राहतो.

मालकांना दोन भीत्या असतात. एक, पीएफ-ईएसआय लागेल. नोंदलेला करार असेल तर शिकाऊ उमेदवार कामगार धरला जात नाही, पीएफ-ईएसआय लागत नाही. करार नसेल तर तो साधा कामगार, आणि मग सगळंच लागतं. काम करताना इजा झाली तर भरपाई मात्र मालकाचीच, म्हणून बूट, हेल्मेट पहिल्या दिवशीच द्या. दुसरी भीती, कायम करावं लागेल. नाही लागत. भरतीचं धोरण तुमचं तुम्ही ठरवायचं.

शिकाऊ पोराला ओव्हरटाइमला बसवायचं असेल तर अधिकाऱ्याची परवानगी आधी लागते. ऑर्डर अंगावर आली की हेच सगळ्यात आधी विसरलं जातं.

अर्ज कुठेही अडला तर जवळच्या आयटीआयमधलं बीटीआरआय, म्हणजे शिकाऊ उमेदवारांचं काम बघणारं केंद्र गाठा. फोन उचलला नाही तर प्रत्यक्ष जा, सकाळी, करार, पगारपत्रक आणि मुलाचं आधार घेऊन. दुपारी गेलात तर साहेब व्हिजिटला गेलेले असतात.