शेतावरील उन्हाळी शिबिर

शाळांच्या उन्हाळी सुट्टीत मुलांना चालू शेतावर मुक्कामी ठेवून कामातून शेती शिकवण्याचा उपक्रम. महाराष्ट्रात तो मुख्यतः मे महिन्यात चालतो. मुक्काम बहुधा ३ ते ७ दिवसांचा आणि मुले ८ ते १४ वर्षांची असतात. बैलगाडीची फेरी, पिठलं-भाकरी आणि फोटो एवढ्यावर संपते ती शेतसहल. शिबिरात मूल निदान एक काम आरंभापासून निकालापर्यंत स्वतः करते.

यामागचा विचार जुना आहे. वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उत्पादक काम शिक्षणाच्या मध्यभागी ठेवणारी नई तालीम मांडली. डहाणू तालुक्यातील कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी थेट कुरणातच शाळा भरवली. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमानेही हाताने काम करत शिकण्यावर भर दिला. शासनाचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले.

मे महिन्यातील शेत

सुट्टी येते तेव्हा कोरडवाहू रान रिकामे असते. त्यामुळे मेमध्ये ‘पेरणीचा अनुभव’ देऊ केला की तो खोटाच ठरतो: तापलेल्या ढेकळांत टाकलेले बी उगवत नाही आणि मुलांना ते कळतेच. या दिवसांची खरी कामे वेगळी असतात. नांगरटीनंतर धसकटे (आधीच्या पिकाचे उरलेले बुडखे) वेचणे, शेणखत पसरणे, बियाणे तपासणे, रोपांच्या पिशव्या भरणे, कांदा निवडून साठवणीच्या कांदाचाळीत भरणे, उन्हाळी भुईमूग काढणे ही त्यांतली काही. कोकणात या दिवसांत आंबा असतो. फळ झेल्याने (टोकाला जाळी लावलेल्या काठीने) थोडा देठ ठेवूनच काढावे लागते. देठ मुळातून तुटला तर चीक सालीवर ओघळून काळे डाग पडतात, आणि तोच चीक मुलांच्या ओठांना व हातांना भाजतो. काढलेली फळे सावलीत ठेवून भाताच्या पेंढ्याच्या थरांत पिकायला घालतात, म्हणजे आढी लावतात.

पाणी देता येणाऱ्या वाफ्यात पेरायचे तर शिबिराचे दिवस मोजून पीक निवडावे. मेथी, मूग आणि मुळा ३-४ दिवसांत वर येतात. धने रगडून दोन फाकी केले तरी उगवायला ८-१० दिवस घेतात. पाच दिवसांच्या शिबिरात कोथिंबीर लावली तर मुले मोकळा वाफा बघूनच घरी जातात.

उगवण चाचणी

शंभरपैकी किती दाणे उगवतात ते पाहण्याच्या या चाचणीहून चांगले काम शिबिरासाठी क्वचितच सापडेल, कारण मुलांनी मोजलेला आकडा शेतकऱ्याच्या खरिपाच्या निर्णयात खरोखर वापरता येतो. घरचे सोयाबीन घ्यावे आणि पोत्याच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागातून मिळून १०० दाणे मोजावेत. चांगले दाणे निवडून घेतले तर चाचणी फसवी ठरते, आणि मुलांचा हात नेमका टपोऱ्या दाण्याकडे जातो. स्वच्छ गोणपाट भिजवून पिळावे, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी बोटभर अंतराने मांडाव्यात, वर दुसरे ओले गोणपाट घालून सैल गुंडाळी करावी आणि सावलीत ठेवावी. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे. निथळेल इतके नको, नाहीतर दाणे कुजतात. खताची रिकामी गोणी वापरू नये. गुंडाळी सारखी उघडून पाहिली की कोवळी मुळे तुटतात, म्हणून रोज पाहण्यासाठी दहा दाण्यांची वेगळी गुंडाळी करावी.

पाचव्या ते सातव्या दिवशी मोजणी होते. मूळ आणि कोंब दोन्ही धड असतील तोच दाणा उगवला असे धरतात. सत्तर किंवा त्याहून अधिक उगवले तर बियाणे नेहमीच्या प्रमाणात वापरता येते. त्याखाली बियाण्याचे प्रमाण वाढवावे लागते. मोजणीला दिवस पुरावेत म्हणून चाचणी पहिल्याच संध्याकाळी लावावी. सोयाबीनची साल पातळ असते. पोते आपटले किंवा दाणे फेकले की आतला अंकुर दुखावतो, तेव्हा खेळायला हे बियाणे देऊ नये.

गोठा

धार काढणे मुलांना सर्वांत हवेसे असते आणि तिथेच सर्वाधिक गडबड होते. अनोळखी गर्दी दिसली की गाय पान्हा चोरते, म्हणजे दूध उतरू देत नाही. म्हणून एका वेळी दोनच मुले, तीही रोजच्या धार काढणाऱ्यासोबत, आणि शांत स्वभावाच्या जनावराजवळ. कास धुऊन पुसली, वासराने दोन-चार ढुश्या दिल्या की पान्हा सुटतो. तो काही मिनिटेच टिकतो. सड ओढायचा नसतो. अंगठा व तर्जनीने वरून आवळून बाकीची बोटे एकामागून एक मिटायची, मग धार येते. पहिल्या धारा वेगळ्या भांड्यात घ्याव्यात. मुलांनी काढलेले दूध उकळल्याशिवाय पिऊ देऊ नये.

शेणाची किळस जीवामृत हे शेण-गोमूत्राचे पातळ खत करताना लवकर जाते. मुलांसाठी २० लिटर पाण्याचे माप पुरते: १ किलो ताजे शेण, १ लिटर गोमूत्र, प्रत्येकी २०० ग्रॅम गूळ व बेसन, बांधावरची मूठभर माती. पिंप सावलीत ठेवून दिवसातून दोनदा काठीने ढवळतात. झाकण घट्ट लावू नये, आत वायू साठतो. गोणपाट टाकले की झाले. दोन-तीन दिवसांनी ते वाफ्याला देता येते.

दिनक्रम व सुरक्षितता

रानातले काम सकाळी ६ ते ९.३० आणि संध्याकाळी ५ नंतर. मधल्या वेळेत सावलीतली कामे आणि झोप. विदर्भात तर पारा ४५ अंशांवर जातो, तिथे यात सवलत नाही. दर दहा मुलांमागे एक जाणता माणूस हवा. खुरपी लहान मुठीची घ्यावीत. ती हातात देताना मूठ पुढे, पाते खाली. मूल सुस्तावले, डोके दुखते म्हणाले की लगेच सावलीत न्यावे, अंग ओले करावे आणि मीठ-साखरेचे पाणी द्यावे: १ लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काही न देता दवाखाना गाठावा.

विहिरीला कठडा किंवा जाळी नसेल तर त्या शेतावर शिबिर घेऊच नये. कीटकनाशके कुलपात आणि पाण्याच्या मोटारीची विजेची पेटी बंद असावी. मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो व जमिनीवर झोपलेल्यांना चावतो, शिवाय दंश बऱ्याचदा जाणवतही नाही. म्हणून खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी लागतेच. अंगणात सतरंज्या टाकून चांदण्यात झोपण्याचा बेत सोडून द्यावा. सर्पदंशावरचे प्रतिविष जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे ते मुले येण्याआधी विचारून ठेवावे. दंश झालाच तर चिरा देऊ नये, आवळून बांधू नये. अवयव न हलवता मुलाला गाडीतून तिथे न्यावे.