मागची चाकं का तापली?

पाचगणीहून पसरणी घाट उतरून वाईला पोचलं की व्हॅनची चाकं गरम असायचीच. सुमारे ६०० मीटरचा उतार. माणसं-सामान धरून गाडी १५०० किलोची असेल, तर खाली येताना जवळपास ८८ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरायला हवी. वेग वाढू दिला नाही, तर तिची बहुतेक उष्णताच होते. तेवढ्या उष्णतेत २८ लिटर पाण्याला उकळी फुटेल! खालच्या गिअरात उतरलं तर यातला बराच भार इंजिन उचलतं; पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे तो सगळा ब्रेकच्या गळ्यात घालतात.

माझी तक्रार मात्र घाटातली नव्हती. वाई ते सातारा सपाट रस्ता, ब्रेक फार तर दहा वेळा दाबला असेल. तरी उतरून पाहिलं तर मागच्या दोन्ही चाकांतून धग येत होती. रिमच्या भोकातून ड्रमवर (चाकासोबत फिरणाऱ्या, ब्रेकच्या बिडाच्या डब्यावर) बोटाने पाण्याचे दोन थेंब उडवले, ते चर्र करून नाहीसे झाले. (दोनच थेंब. तापलेल्या ड्रमवर बादली ओतली तर बिडाला तडा जाऊ शकतो.) पुढची चाकं नुसती कोमट. हे उलटं झालं. ब्रेक लागताना गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून थांबवण्याचं जास्त काम पुढचे ब्रेक करतात. मागचे जास्त तापले, म्हणजे पाय काढल्यावरही ते धरून बसलेत.

एकच चाक तापलं असतं तर संशय त्याच ड्रमच्या आत गेला असता: व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने ब्रेकचे शू ड्रमला आतून टेकवणारा) अडकलेला, नाहीतर ते शू मागे खेचणारी स्प्रिंग ढिली. दोन्ही तापली म्हणजे दोष दोघांच्या सामाईक वाटेवर.

मिस्त्रींनी पुढच्या चाकांना दगड लावले, मागून गाडी जॅकवर घेतली, हँडब्रेक सोडला. चाक हाताने फिरवलं तर अर्ध्या फेरीत घासत थांबलं. पहिला संशय हँडब्रेकवर. लायनर (शूवरचं घासणारं अस्तर) झिजले की ब्रेक नीट लागत नाही, मग शू अ‍ॅडजस्ट करायचे सोडून लोक केबलच आवळतात आणि शू पूर्ण मागे येतच नाहीत. केबल ढिली केली. काही फरक नाही.

मग त्यांनी ब्लीडर निपल (चाकाजवळचा, ऑइल आणि हवा बाहेर सोडायचा स्क्रू) पाव आटा सैल केला. काळपट ब्रेक ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं. म्हणजे पाय पेडलवर नसतानाही पाइपात दाब कोंडलेला होता. निपल आवळून पेडल पुन्हा दाबलं. चाक परत जाम. या वेळी मागच्या दोन्ही चाकांकडे ऑइल नेणाऱ्या रबरी होजच्या (नळीच्या) अलीकडचा, मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की ऑइल ढकलणाऱ्या भागाच्या) बाजूचा जॉइंट सैल केला. तिथे दोन थेंब आले, चाक मात्र जामच. तिथे सुटलं असतं तर मास्टर सिलिंडर उघडावा लागला असता. चोर होजमध्येच सापडला.

होज बाहेरून धडधाकट, आतून मात्र फुगून बुजत आलेला. पायाचा जोर मोठा असतो, तो ऑइल ढकलून पलीकडे नेतो. परतताना जोर फक्त शूच्या स्प्रिंगांचा, तो तोकडा पडतो. होजचा एकतर्फी झडपेसारखा कारभार चालला होता.

होज नवा, दोन्ही बाजूंचे लायनर नवे, कारण जुने काचेसारखे गुळगुळीत झाले होते. व्हील सिलिंडरचे रबर बदलले. ब्रेक ऑइलही सगळं काढलं. ते हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल मुरल्यावर मात्र ही हद्द १४० पर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे दाबले जातात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. घाटात ते नको.

ब्रेकच्या पाइपांतली हवा काढून झाल्यावर आम्ही वीसेक किलोमीटर चक्कर मारली. पुन्हा दोन थेंब उडवले. ते ड्रमवरून निवांत ओघळत खाली आले.