जुन्या केबलच्या इन्सुलेशनची चाचणी, केबल न कापता: अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

केबल वीस-पंचवीस वर्षे सेवेत आहे, अजून चालते आहे, आणि प्रश्न एवढाच आहे की बदलायची की राहू द्यायची. तुकडा कापून, इन्सुलेशन तुटेपर्यंत ताणून पाहिले तर उत्तर नेमके मिळते, पण मग तिथे नवा जॉइंट करावा लागतो. केबल शाबूत ठेवून इन्सुलेशनची अवस्था जाणून घ्यायची असेल तर चाचणी प्रयोगशाळेकडे अर्ज करावा लागतो. फॉर्म प्रत्येक प्रयोगशाळेचा वेगळा असतो. तरी आयएसओ/आयईसी १७०२५ मानकाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला काम हाती घेण्याआधी मागणी तपासून अटी ठरवाव्याच लागतात, त्यामुळे विचारणा सगळीकडे साधारण एकाच धर्तीची होते.

अर्ज कोणी करायचा

केबलच्या मालकाने, किंवा मालकाचे अधिकारपत्र असलेल्या ठेकेदाराने किंवा सल्लागाराने. हे पत्र जोडायला विसरू नका. अहवाल गोपनीय असतो आणि तो अर्जदारालाच मिळतो. शिवाय शटडाऊन मालकाखेरीज दुसरे कोणी देऊ शकत नाही.

तुमची केबल कोणत्या चाचणीला पात्र आहे

बरेच अर्ज इथेच चुकतात, कारण लोक चाचणीचे नाव आधी ठरवतात आणि केबल नंतर पाहतात.

टॅन डेल्टा (इन्सुलेशनमध्ये वाया जाणाऱ्या विजेचे माप) आणि पार्शल डिस्चार्ज (इन्सुलेशनमधल्या पोकळ्यांत उडणाऱ्या सूक्ष्म ठिणग्यांचे माप) या चाचण्यांसाठी कोअरभोवती, म्हणजे इन्सुलेशन चढवलेल्या तारेभोवती, धातूचा स्क्रीन (थर) असायला हवा. स्क्रीन नसेल तर व्होल्टेज कोणत्या पृष्ठभागाच्या संदर्भात लावले तेच निश्चित नसते, आणि आलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही. मध्यम विद्युतदाबाच्या एक्सएलपीई (क्रॉसलिंक केलेल्या पॉलिथिलीनच्या) केबलना स्क्रीन असतो, म्हणून त्या सहज पात्र ठरतात. स्क्रीन नसलेल्या कंट्रोल केबलसाठी (यंत्रांचे संकेत नेणाऱ्या केबलसाठी) इन्सुलेशन रेझिस्टन्स (इन्सुलेशनचा विद्युतरोध), रिफ्लेक्टोमेट्री (केबलमध्ये सोडलेल्या संकेताचा प्रतिध्वनी पाहणे) आणि इंडेंटर हे मार्ग उरतात.

इंडेंटरमध्ये एक बारीक टोक ठरावीक वेगाने आवरणावर दाबतात आणि किती दाबले असता किती बल लागले ते मोजतात. आवरण जेवढे कडक झालेले, तेवढे बल जास्त. पीव्हीसी आणि ईपीआर रबराला ही पद्धत चांगली लागू पडते. एक्सएलपीईचा कडकपणा मात्र बऱ्याच उशिरापर्यंत फारसा बदलत नाही, त्यामुळे त्यासाठी इंडेंटर मागणे म्हणजे पैसे वाया घालवणे. केबलला हात पोहोचायला हवा हेही आलेच. जमिनीत पुरलेली केबल इथे बाद.

पाण्यात राहिलेल्या एक्सएलपीईबाबत जास्त जपून राहा. ओलाव्यामुळे इन्सुलेशनमध्ये वॉटर ट्री, म्हणजे फांद्यांसारखी पसरणारी सूक्ष्म ओली जाळी, वाढतात, पण त्यांच्यातून डिस्चार्ज होत नाही. म्हणून डिस्चार्ज चाचणीचा अहवाल स्वच्छ आला तरी केबल ठणठणीत आहे असे ठरत नाही. अशा केबलसाठी टॅन डेल्टाच मागा.

ऑक्सिडेशन इंडक्शन चाचणी, म्हणजे इन्सुलेशन ऑक्सिडेशनला अजून किती वेळ तोंड देते ते पाहणारी चाचणी, हिला काही मिलिग्रॅमचा खरवडलेला नमुना पुरतो. काटेकोर अर्थाने ती विनाविध्वंसक नव्हे, त्यामुळे खरवडण्याची परवानगी आहे की नाही ते अर्जात स्पष्ट लिहा.

कागदपत्रे

केबल शेड्यूल (केबलची जात, आकार, लांबी यांचा तक्ता), कारखान्याचे मूळ चाचणी प्रमाणपत्र, जॉइंटच्या जागा दाखवणारा मार्गाचा नकाशा, बिघाड-दुरुस्तीची नोंद आणि आधीचे अहवाल. मूळ प्रमाणपत्र सापडत नसेल तर त्याच बनावटीची न वापरलेली केबल गोदामात आहे का ते पाहा. तुलनेसाठी ती फार उपयोगी पडते.

सगळ्यात मोलाची, आणि बहुधा न जोडली जाणारी, नोंद म्हणजे भार आणि तापमानाची. एक्सएलपीईला कंडक्टरचे ९० अंश सेल्सिअस सतत चालते, पीव्हीसीला साधारण ७०. त्यावर दर १० अंशांमागे आयुष्य निम्मे होते असा ढोबळ हिशेब आहे. पूर्ण लांबीचे सरासरी तापमान देऊन भागत नाही. केबल जर वाफेच्या पाइपजवळून जात असेल, तर तो पाच-सहा मीटरचा पट्टा नकाशावर खूण करून दाखवा. इंडेंटर तिथेच लावायचा असतो.

‘केबल जुनी आहे, तपासून द्यावी’ असे मागणीच्या रकान्यात लिहू नका. ‘११ केव्ही, एक्सएलपीई, १९९८ ची, ६४० मीटर, दोन जॉइंट, डक्टमध्ये पाणी साचते, आणखी पाच वर्षे सेवेत ठेवता येईल का?’ एवढे लिहिले की समोरच्या अभियंत्याला पद्धत निवडता येते. मार्गात कागदी आणि एक्सएलपीई अशा दोन जातींचे तुकडे जोडलेले असतील तर तेही सांगा. टॅन डेल्टा पूर्ण लांबीचा एकत्रित आकडा देतो, त्यातून कोणता तुकडा खराब आहे ते कळत नाही.

सही करण्यापूर्वी

प्रयोगशाळेच्या मान्यतेच्या व्याप्तीत तुमची चाचणी आहे का ते तपासा. मान्यता प्रयोगशाळेला सरसकट नसते, ती ठरावीक चाचण्यांपुरती असते. मग निर्णयाचा नियम लेखी घ्या, म्हणजे मापनातली अनिश्चितता धरून ‘योग्य’ किंवा ‘अयोग्य’ कसे ठरवणार ते. उदाहरणार्थ, आयईईई ४००.२ या मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार पॉलिथिलीन वर्गातल्या केबलचा टॅन डेल्टा नेहमीच्या फेज व्होल्टेजला ४ × १०⁻³ पेक्षा कमी असेल तर काही करायची गरज नाही, ५० × १०⁻³ च्या वर असेल तर कृती आवश्यक, आणि मधल्या पट्ट्यात आणखी तपास. ‘आणखी किती वर्षे?’ याचे उत्तर हवे असेल तर मत आणि अन्वयार्थ वेगळे मागा. नाहीतर हातात नुसते आकडे येतील.

कोटेशनमध्ये जुन्या एक्सएलपीईवर डीसी हायपॉट (उच्च डीसी व्होल्टेजची चाचणी) असेल तर तो खोडायला सांगा. त्याने इन्सुलेशनमध्ये स्पेस चार्ज (साठून राहणारा विद्युतभार) अडकतो आणि केबल पुन्हा चालू केल्यावर फुटण्याचा धोका वाढतो. त्याऐवजी ०.१ हर्ट्झचा व्हीएलएफ (अतिकमी वारंवारतेचा) स्रोत घ्यावा. ५० हर्ट्झच्या मानाने त्याला पाचशेपट कमी करंट लागतो, म्हणून यंत्र गाडीतून नेता येते.

चाचणीच्या दिवशी

शटडाऊनची मंजुरी आणि वर्क परमिट तयार ठेवा. दोन्ही टोकांची जोडणी सोडा, टर्मिनेशन (केबलची बांधलेली टोके) कोरड्या फडक्याने पुसून घ्या. टोकावरची धूळ आणि दमट थर गळतीचा करंट वाढवतात आणि दोष इन्सुलेशनच्या माथी जातो. केबलचे तापमान नोंदवून घ्या. ते नसेल तर इन्सुलेशन रेझिस्टन्सचा आकडा मागच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही. चाचणी झाली की केबल पूर्ण डिस्चार्ज करून अर्थिंग केल्याशिवाय, म्हणजे जमिनीशी जोडल्याशिवाय, कोणी हात लावू नये.

अहवालाबद्दल शंका असेल तर लेखी तक्रार करा. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे तक्रार निवारणाची लेखी पद्धत असावी लागते आणि कोणी विचारली तर ती दाखवावी लागते. अहवालात दुरुस्ती झाली तर काय बदलले ते सुधारित अहवालात स्पष्ट दाखवलेले असते. फेरचाचणीच्या अर्जाला हाच अहवाल जोडा, आणि व्होल्टेजचे टप्पे व मोजणीची टोके मागच्यासारखीच ठेवावीत अशी मागणी करा.