सुरक्षा व इशारा साधने (पुणे शहर)

चोरी, आग, वायुगळती, विजेचा धक्का, यंत्रावरचा अपघात किंवा अचानक आलेले आजारपण यांना अटकाव करण्यासाठी किंवा त्यांची वेळीच खबर मिळण्यासाठी घरात आणि कामाच्या ठिकाणी वापरली जाणारी साधी, स्वस्त उपकरणे. कुलूप, सेफ्टी डोअर, दारातले भिंग, गॅस सेन्सर, धूरसूचक, ईएलसीबी (विजेचा धक्का बसताच पुरवठा तोडणारा खटका), शटरचा सायरन, हूटर, बिनतारी घंटा, साधी शिटी हे सारे यात मोडते. पुण्यात यातले बरेचसे सामान बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आणि रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मिळते. बसवायला वायरमन किंवा सुतार पुरतो.

या साधनांचे दोन प्रकार नीट वेगळे ओळखायला हवेत. काही साधने अडवतात, काही हाक मारतात. अडवणारे साधन एकट्याने काम करते. हाक मारणाऱ्या साधनाला मात्र ती हाक ऐकणारा आणि ऐकून काय करायचे हे ठाऊक असणारा माणूस लागतो. पुण्यातल्या अनेक घरांत उपकरण असते, पण असा माणूस ठरवलेला नसतो. खरी त्रुटी तिथे आहे.

पूर्वपीठिका

पेशवाईतल्या पुण्यात घराची सुरक्षा वाड्याच्या बांधणीतच होती. जाड सागवानी दरवाजा, आतून भिंतीत सरकणारा अडसर, एका वेळी एकच माणूस वाकून आत येईल अशी दिंडी आणि तिच्यालगत पहारेकऱ्याची देवडी. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरचे अणकुचीदार खिळे हत्तीची धडक रोखण्यासाठी बसवलेले होते. शहरासाठी रात्रीची तोफ होई आणि त्यानंतर विनापरवाना रस्त्यावर फिरणाऱ्याला कोतवालाची माणसे पकडत. आसपासच्या गावांत राखणीचे काम रामोशी आणि जागल्यांकडे असे. वाडे जाऊन फ्लॅट आले, देवडीची जागा सोसायटीच्या गेटवरच्या केबिनने घेतली आणि मजल्यावरच्या माणसाला खाली कोण आले हे दिसेनासे झाले. आजची साधने ही उणीव भरून काढू पाहतात.

दार

दिवाळीत आणि मे महिन्याच्या सुटीत घरफोडीच्या बातम्यांत ‘बंद फ्लॅटचा कडी-कोयंडा उचकटून’ हे शब्द हमखास असतात. चोर बहुधा गजबजलेल्या घरात शिरत नाही, बंद घर शोधतो. दाराबाहेर लोंबणारे कुलूप ‘घरात कोणी नाही’ हे जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते. दाराच्या जाडीत बसणारे कुलूप ते सांगत नाही, म्हणून ते अधिक चांगले. गावाला जाताना पेपर आणि दुधाच्या पिशव्या बंद करणे, शेजाऱ्यांना सांगून जाणे आणि एखादा दिवा टायमरवर ठेवणे यांचा उपयोग महागड्या उपकरणाइतकाच होतो.

दरवाजाच्या चौकटीत बसणारा चुंबकी सेन्सर हे सर्वांत साधे इशारा साधन. दारावर छोटे चुंबक आणि चौकटीवर काचेच्या नळीतला स्विच असतो. दार उघडले की चुंबक दूर जाते, स्विचची स्थिती बदलते आणि भोंगा वाजतो. खोलीच्या कोपऱ्यात बसवायचा पीआयआर सेन्सर हलणाऱ्या शरीराची उष्णता टिपतो. घरात मांजर असेल किंवा खिडकीतून थेट ऊन येत असेल, तर तो विनाकारण वाजण्याची शक्यता असते.

सेफ्टी डोअर, साखळी आणि भिंग यांचा उपयोग दार उघडण्यापूर्वी होतो. मीटर बघायला, कुरिअर द्यायला किंवा गॅस तपासायला आलो असे सांगणाऱ्याला जाळीच्या दारातूनच ओळखपत्र मागावे. यात अवघडण्यासारखे काही नाही.

लॅचचा मात्र वेगळाच घोळ आहे. कचऱ्याची बादली ठेवायला बाहेर यावे, वाऱ्याने दार लागावे, किल्ली आत, गॅसवर दूध आणि घरात झोपलेले बाळ. हे पुण्यातल्या सोसायट्यांत इतके नेहमीचे आहे की दुसरी किल्ली शेजारच्या काकूंकडे असणे हीसुद्धा सुरक्षा व्यवस्थाच मानली पाहिजे.

बाहेरच्याला अडवणारे कुलूप आतल्यालाही अडवते. ९ मे २०१९ च्या पहाटे उरुळी देवाची येथे एका कापड दुकानाला आग लागली. आत झोपलेले ५ कामगार बाहेर पडू शकले नाहीत, कारण दुकानाला बाहेरून कुलूप होते. खिडक्यांना पक्के गज बसवणाऱ्या प्रत्येक घरानेही हा विचार केला पाहिजे. निदान एका खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारी झडप असावी आणि तिची किल्ली कुठे आहे हे घरातल्या लहान मुलांनाही माहीत असावे.

स्वयंपाकघर आणि न्हाणीघर

घरातला सर्वांत मोठा धोका चोराचा नसून या दोन खोल्यांतला आहे. सुरक्षेवर पैसे खर्च करायचे असतील तर सुरुवात इथून करावी.

गॅस सेन्सर कुठे लावायचा हे इंधनावर ठरते. १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला की जमिनीलगत पसरतो. त्यामुळे त्याचा सेन्सर जमिनीपासून साधारण फूटभर उंचीवर हवा. पाइपने येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन, तो हवेपेक्षा हलका; त्यासाठी सेन्सर छताच्या फूटभर खाली लागतो. पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅसची जोडणी घेणाऱ्या घरांत सिलिंडर जातो, पण जुना सेन्सर ओट्याखालीच राहतो. तिथे तो जवळपास निरुपयोगी. सेन्सर त्या वायूसाठी बनवलेला आहे का, हेही पाहावे लागते.

सेन्सर वाजला, किंवा मुद्दाम मिसळलेला मरकॅप्टनचा उग्र वास आला, तर रेग्युलेटर किंवा कॉक बंद करायचा आणि दारे-खिडक्या उघडायच्या. दिव्याचे किंवा एक्झॉस्ट पंख्याचे बटण चालू करायचे नाही आणि बंदही करायचे नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. फोन घराबाहेर येऊन करावा. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

गॅस गिझरचा धोका वासाने कळत नाही. बंद न्हाणीघरात ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. माणसाला गुंगी येते आणि दार उघडण्याइतकेही त्राण उरत नाही. धूरसूचक किंवा एलपीजी सेन्सर हा वायू ओळखत नाही, त्यासाठी वेगळा सेन्सर लागतो. तरी खरा उपाय सेन्सर नव्हे. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा आणि फक्त पाणी नळीने आत आणायचे. आत बसवलेला गिझर आजच हलवावा.

धूरसूचक स्वयंपाकघरात लावला की मिरचीच्या फोडणीला वाजतो, देवघराजवळ लावला की कापराला. चार वेळा असे झाले की कोणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवते. म्हणून तो झोपायच्या खोल्यांबाहेर, पॅसेजच्या छताला लावावा. स्वयंपाकघरात उष्णता ओळखणारा सूचक बरा. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करून वर झाकण ठेवायचे. पाणी कधीही ओतायचे नाही, कारण त्याची क्षणात वाफ होऊन जळते तेल उडते.

वीज हा पुढचा भाग. जादा प्रवाहाने पडणारा एमसीबी वायरिंग वाचवतो, ईएलसीबी माणूस वाचवतो. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत फरक पडला, म्हणजे काही वीज कोणाच्या तरी अंगातून जमिनीत जात आहे असे दिसले, की ईएलसीबी पुरवठा तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरला तुटणारा असावा. त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेले छोटे बटण असते. वीज चालू असताना ते दाबले की खटका पडायला हवा. पडला नाही, तर भिंतीवर उपकरण आहे पण संरक्षण नाही. महिन्यातून एकदा हे बटण दाबायला अर्धा मिनिटही लागत नाही.

पाण्याच्या टाकीचा बोलणारा अलार्म पुणेकरांच्या विशेष परिचयाचा. टाकीत वरच्या कडेला दोन उघडी टोके सोडलेली असतात. पाणी तिथवर चढले की त्यातून विजेचा परिपथ पूर्ण होतो आणि मोटर बंद करा असे रेकॉर्ड केलेला आवाज सांगू लागतो. हाच सेन्सर वॉशिंग मशिनमागे जमिनीवर ठेवला की पाणी गळल्याची खबर देतो.

एकटे राहणारे ज्येष्ठ

मुले परदेशी आणि आई-वडील कोथरूड, सहकारनगर किंवा औंधमध्ये, ही परिस्थिती पुण्यात घरोघरी आहे. इथे सर्वांत उपयोगी पडते ती साधी बिनतारी घंटा. तिचे बटण न्हाणीघरात आणि पलंगाजवळ, वाजणारा भाग शेजाऱ्यांच्या घरात. बटण नेहमीप्रमाणे छातीच्या उंचीवर लावले तर पडलेल्या माणसाचा हात पोचत नाही. ते जमिनीपासून वीतभरावर हवे किंवा त्याला खालपर्यंत दोरी सोडलेली हवी. आरसीसीच्या भिंतींमुळे घंटेचा पल्ला खोक्यावर छापलेल्या अंतराहून बराच कमी भरतो, म्हणून दारे बंद करून वाजवून पाहावी. न्हाणीघराला आतून कडी न लावणे किंवा बाहेरून नाण्याने फिरवता येईल असे कुलूप बसवणे हा या व्यवस्थेचाच भाग आहे.

वयाबरोबर बारीक, कर्कश आवाज ऐकू येणे आधी कमी होते आणि बहुतेक अलार्म नेमके तसेच असतात. जाड आवाजाचा किंवा दिवा लुकलुकणारा अलार्म निवडावा. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत फोनजवळ चिकटवलेले असावेत. मोबाइलवरून ११२ ला तातडीची हाक देण्यासाठी पॉवर बटण लागोपाठ दाबण्याची सोय बऱ्याच फोनमध्ये असते. ती सेटिंगमध्ये जाऊन आधीच चालू करून ठेवावी.

दुकान आणि कारखाना

दुकानाच्या बाबतीत चोरीची खूण म्हणजे उचकटलेले शटर. दोन्ही कडांना कुलपे असली तरी पहारीने मधला भाग उचलला जातो, म्हणून सेंट्रल लॉक आणि कंपनाने वाजणारा सायरन लावतात. लक्ष्मी रस्त्यावर विसर्जन मिरवणुकीचे ढोल वाजू लागले की अशा साधनांची आणि उभ्या गाड्यांच्या अलार्मची एकच धांदल उडते. त्या दिवसांत सायरनचा इशारा थेट मालकाच्या फोनवर जाणारा असेल तरच त्याला अर्थ राहतो. सराफांच्या पेढीत गल्ल्याखाली पायाने दाबायचे गुप्त बटण असते. ते वाजल्यावर कोणी काय करायचे हे नोकरांना आधी सांगितलेले असावे.

भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये प्रश्न बोटांचा असतो. पत्रा साच्यात दाबून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे हात साच्यात राहू शकत नाही. कामाचा वेग वाढवण्यासाठी यातले एक बटण पाचर मारून किंवा रबर बांधून कायमचे दाबून ठेवले जाते. त्या पाचरीची किंमत कामगार बोटांनी मोजतो. ती दिसली की प्रेस थांबवणे हे सुपरवायझरचे काम, आणि ‘पीस’वर दर ठरवणाऱ्या मालकाचीही जबाबदारी. फिरत्या भागांना जाळी लावणे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने बंधनकारक केले होते. पिवळ्या पाटीवरचे लाल, भूछत्रासारखे आपत्कालीन बटण नव्या कामगाराकडून पहिल्याच दिवशी दाबून घ्यावे.

अग्निशामक नळकांडे सगळीकडे टांगलेले दिसते. ते वापरलेले हात विरळा. पिन ओढायची, नळी ज्योतीच्या बुडाशी रोखायची, दांडा दाबायचा आणि फवारा डावीकडून उजवीकडे फिरवायचा. लहान नळकांडे काही सेकंदांत रिकामे होते, त्यामुळे आग मोठी असेल तर सरळ बाहेर पडून १०१ ला फोन करावा. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली, तो लागू असलेल्या इमारतींतली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. सोसायट्याही यातून सुटलेल्या नाहीत.

कॅमेरे

कोरेगाव पार्क (१३ फेब्रुवारी २०१०) आणि जंगली महाराज रस्ता (१ ऑगस्ट २०१२) येथील बॉम्बस्फोटांनंतर पुण्यात कॅमेऱ्यांचा आग्रह वाढला. कॅमेरा घडून गेलेले दाखवतो. कोणी बघत नसेल तर इशारा देत नाही. त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलणे हे पहिले काम. कॅमेऱ्याचे तोंड शेजाऱ्याच्या दारात किंवा खिडकीत नसावे. घरगुती कारणासाठीचा वापर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर असला, तरी स्त्रीचे खासगी क्षण चोरून टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे.

पूर

२५ जुलै २०२४ रोजी जोरदार पाऊस आणि खडकवासला धरणातून सोडलेले पाणी यांमुळे सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरले. इशारा वेळेवर पोचला नाही, अशी तक्रार रहिवाशांनी नंतर केली. नदीकाठच्या सोसायट्यांनी पावसाळ्यात रात्रपाळीच्या वॉचमनकडे हातभोंगा द्यावा आणि तळमजल्यावरच्या घरांची, आजारी माणसांची यादी त्याच्या केबिनमध्ये ठेवावी.

देखभाल

पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याचा प्रघात जुना आहे. वीज गेली की कॅमेरा, राउटर, गॅस सेन्सर आणि व्हिडिओ डोअर फोन यांपैकी काय चालू राहते हे पाहून घ्यावे. इन्व्हर्टरवर राउटर जोडलेला नसेल तर फोनवर येणारा कोणताही इशारा त्या वेळात येणार नाही. धूरसूचकात धूळ आणि बारीक किडे शिरले की तो विनाकारण वाजतो. महिन्यातून एकदा मऊ ब्रशने पुसून त्याचे चाचणी बटण दाबावे. हे सेन्सर कायमचे टिकत नाहीत. धूरसूचक साधारण १० वर्षांनी बदलतात, गॅस सेन्सर त्याआधीच. बदलायची तारीख बहुधा उपकरणाच्या पाठीवर छापलेली असते. भिंतीला ठोकण्यापूर्वी ती मार्करने पुढच्या बाजूला लिहून ठेवावी.