चावान आणि त्याचे रसग्रहण

चावान म्हणजे जपानी चहाविधीतला कान नसलेला मातीचा वाडगा. त्यात माच्चा ही हिरव्या चहाची वस्त्रगाळ पूड आणि गरम पाणी घालून बांबूच्या घुसळणीने घुसळतात. चहा पिऊन झाला की पाहुणा रिकामा वाडगा निरखतो. या निरखण्याला ‘हाइकेन’ म्हणतात आणि तो विधीचाच भाग आहे.

अंगठ्या आधीच काढलेल्या असतात. वाडगा समोर चटईवर ठेवून, हात टेकून, पाहुणा प्रथम तो नुसता पाहतो. मग वाकून, कोपरे गुडघ्यांजवळ ठेवून उचलतो, म्हणजे निसटला तरी उंचावरून पडत नाही. नजर काठावरून आत उतरते, तळाशी उरला चहा साठावा म्हणून ठेवलेल्या खळग्यापर्यंत. शेवटी वाडगा कलता करून बुडाचे कडे, म्हणजे ‘कोदाई’, पाहतात. अनेक वाडग्यांत इथे झिलई, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, नसतो. मातीचा मूळ रंग, तिचा रवाळपणा, कुंभाराने खरवडल्याच्या खुणा, सारे उघडे असते. वाडग्याची खरी ओळख पटते ती इथेच, आणि फोटोत नेमका हाच भाग बहुधा दिसत नाही.

राकू वाडगा तर डोळ्यांपेक्षा हातांनाच जास्त कळतो. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्योतोमध्ये चहागुरू सेन नो रिक्यू (1522–1591) यांच्या आवडीनुसार चोजिरो या कारागिराने असे वाडगे घडवले. यात चाक नसते. माती तळव्यांनी वर उचलत आकार द्यायचा आणि नंतर हत्याराने कोरायचे. सच्छिद्र, जाड अंगामुळे ऊब सावकाश बाहेर येते, चटका बसत नाही. काळा राकू लालबुंद असतानाच सांडशीने भट्टीतून ओढून काढतात. सांडशीची पकड झिलईवर उमटते. ती खूण लपवत नाहीत. जाणकार ती आवर्जून न्याहाळतात. या काळ्या रंगावर चहाचा हिरवा रंग विलक्षण उठून दिसतो.

चहाप्रेमींत ‘एक राकू, दोन हागी, तीन कारात्सू’ असा पसंतीक्रम रूढ आहे. हागी आणि कारात्सू ही त्या-त्या जपानी गावांच्या नावाने ओळखली जाणारी मातीची भांडी. हागीच्या झिलईतल्या बारीक तड्यांत चहा मुरत जातो आणि वर्षानुवर्षांच्या वापराने वाडग्याचा रंग पालटतो.

जपानने राष्ट्रीय ठेवा ठरवलेल्या 8 चावानांपैकी जपानमध्ये घडलेले फक्त 2 आहेत : शिनो या पांढऱ्या झिलईच्या शैलीतला ‘उनोहानागाकी’ आणि सुलेखनकार व कुंभार होनआमी कोएत्सू यांचा ‘फुजिसान’. बाकीचे चीन आणि कोरियातले. त्यांतला कोरियन ‘किझाएमोन’ क्योतोच्या दाइतोकुजी मंदिराच्या कोहोआन मठात आहे. दिसायला अगदी साधा, किंचित वाकडा. त्याच्या बुडाशी झिलई आक्रसून तिचे खरखरीत मणी झाले आहेत. त्यांना ‘काइरागी’ म्हणतात, आणि इदो या कोरियन जातीच्या (किझाएमोन याच जातीचा) वाडग्यात पारखी नजर आधी तेच शोधते.