पुनर्वापराच्या पाण्याचा स्थानिक उपविधी

शहरातल्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून मिळालेले पाणी कोणी, कुठे, कशासाठी आणि कोणाच्या देखरेखीखाली वापरायचे हे ठरवणारा नगरपालिका पातळीवरचा नियम. हे पाणी पिण्यासाठी नसते. शौचालयातील फ्लश, बागा, वातानुकूलन यंत्रणेचे कूलिंग टॉवर अशा कामांना ते दिले जाते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात या प्रकारच्या नियमांचा दीर्घ अनुभव आहे, आणि त्यातही सॅन फ्रान्सिस्को शहराची वाटचाल विशेष अभ्यासण्याजोगी आहे.

या नियमांचा पाया राज्याच्या कायद्यात आहे. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत १९२८ साली झालेल्या दुरुस्तीने पाण्याची नासाडी आणि अवाजवी वापर निषिद्ध ठरला. पुढे जलसंहितेने आणखी एक पाऊल टाकले: योग्य दर्जाचे प्रक्रिया केलेले पाणी वाजवी खर्चात आणि आरोग्याला धोका न होता मिळत असेल, तर उद्याने, गोल्फची मैदाने किंवा दफनभूमी यांना पिण्याचे पाणी देणे हीच नासाडी समजावी. असे पाणी उपलब्ध होणार असल्याची सूचना उत्पादक संस्थेने दिली की स्थानिक संस्थेने १८० दिवसांत हिरवळीसाठीच्या वापराचा उपविधी करावा, असेही राज्याचा कायदा सांगतो.

सॅन फ्रान्सिस्कोचे पिण्याचे पाणी मुख्यतः सिएरा नेवाडा पर्वतातील हेच हेची जलाशयातून, अडीचशेहून अधिक किलोमीटरवरून येते. शहरातल्या गोल्डन गेट पार्कला मात्र १९३२ पासून काही दशके प्रक्रिया केलेले सांडपाणी मिळत होते. राज्याचे निकष कडक झाल्यावर तो प्रकल्प बंद पडला. १९९१ च्या उपविधीने ठरावीक विभागांतील ४०,००० चौरस फुटांवरच्या नव्या बांधकामांना दुहेरी नळव्यवस्था, म्हणजे पिण्याच्या आणि पुनर्वापराच्या पाण्याचे वेगळे नळ, बंधनकारक केली. इमारत उभी राहिल्यावर भिंती फोडून दुसरे नळ टाकणे फार महागात पडते, म्हणून नियम पाण्याच्या आधी आला. हा विचार बरोबर होता. पण शहराच्या पूर्व भागात प्रक्रिया केंद्र उभारण्याचे काम रेंगाळले आणि तिथल्या अनेक इमारतींतील दुसऱ्या नळांतूनही पिण्याचेच पाणी वाहत राहिले. घरमालकांवर खर्चाची सक्ती करणाऱ्या नियमात पाणी कधी पोहोचेल याचे बंधन पालिकेवरही हवे, हा या अनुभवातला सर्वांत महत्त्वाचा धडा आहे.

२०१२ मध्ये शहराने दुसरा मार्ग खुला केला: इमारतीचे पाणी इमारतीतच शुद्ध करून तिथेच वापरायचे. सुरुवातीला हे ऐच्छिक होते. २०१३ मध्ये शेजारच्या इमारतींना एकत्र यंत्रणा चालवण्याची मुभा मिळाली, २०१५ मध्ये २,५०,००० चौरस फुटांवरच्या नव्या प्रकल्पांना सक्ती लागू झाली आणि २०२१ च्या दुरुस्तीने ही मर्यादा १,००,००० चौरस फुटांवर आणली. शहराच्या पाणीपुरवठा आयोगाने स्वतःच्या मुख्यालयात दिवसाला सुमारे ५,००० गॅलन, म्हणजे जवळपास १९,००० लिटर, मैलापाणी वनस्पतींच्या वाफ्यांतून शुद्ध करून फ्लशला वापरण्याची यंत्रणा बसवली. नियम करणाऱ्यानेच आधी तो पाळून दाखवला, याला मोठे मोल आहे.

या उपविधीत पाणीपुरवठा, आरोग्य, बांधकाम तपासणी आणि सार्वजनिक बांधकाम या खात्यांची कामे वाटून दिली आहेत. पाणीपुरवठा आयोग पाण्याचा हिशेब तपासतो, आरोग्य खाते चालवण्याचा परवाना देते आणि त्यानंतरही नियमित अहवाल मागते. विषाणू, जिवाणू आणि परजीवी किती पटींनी कमी झाले पाहिजेत हे आधी ठरते. प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत पाणी वापरून झालेले असते, त्यामुळे पाण्याचा गढूळपणा आणि निर्जंतुकीकरण यंत्रांच्या मदतीने सतत मोजले जाते.

सर्वांत मोठी भीती दोन नळ चुकून एकमेकांना जोडले जाण्याची. म्हणून दुसरा नळ जांभळ्या रंगाचा असतो, त्यावर ‘पिऊ नये’ अशी खूण असते आणि पिण्याच्या जोडणीवर उलटा प्रवाह रोखणारी व्यवस्था लागते. शहराच्या मध्यवर्ती प्रकल्पाचे पाणी घेणाऱ्या दुहेरी नळांच्या इमारतींत चुकीच्या जोडणीची चाचणी किमान चार वर्षांतून एकदा घ्यावी, असा राज्याचा नियम आहे.

महाराष्ट्रात नागपूरने कराराची वाट धरली. भांडेवाडीतील प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडी औष्णिक वीज केंद्राला जाते. एकच मोठा ग्राहक असला की करार पुरतो. हजारो सोसायट्यांपर्यंत पोहोचायला नियमच लागतो. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या बांधकामांसाठी स्नानगृह व धुण्याच्या पाण्याच्या पुनर्वापराची तरतूद आहे. पण बिल्डरने बांधलेला एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प) पुढे सोसायटीच्या गळ्यात पडतो. वीजबिल, ऑपरेटरचा पगार, गाळ उपसणे हे सगळे रहिवाशांवर येते आणि अनेक ठिकाणी यंत्रणा बंद ठेवली जाते. भोगवटा प्रमाणपत्रानंतरची तपासणी, चालवण्याचा परवाना आणि अहवालाची सक्ती यांची इथे खरी गरज आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार महापालिकांना उपविधी करण्याचा अधिकार आहे. त्याला राज्य शासनाची मंजुरी लागते.